मॅग्नेशियमच्या स्क्रूभोवती काळं दिसलं म्हणून लगेच तो काढू नका

ताई, तुमच्या मुलाच्या घोट्यात जर्मनीत मॅग्नेशियमचा विरघळणारा स्क्रू बसवला, सुट्टीत घरी आल्यावर ठाण्याच्या नौपाड्यात एक्स-रे काढला, त्यात स्क्रूभोवती काळं कडं दिसलं आणि कुणीतरी 'इन्फेक्शन आहे, काढून टाका' म्हणालं. त्या एका फिल्मवर निर्णय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

मी ठाण्यात हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. आपल्याकडे रोजचे इम्प्लांट स्टीलचे नाहीतर टायटॅनियमचे. ते फिल्मवर पांढरेशुभ्र उठतात. त्यांच्याभोवती काळी रेघ आली की स्क्रू ढिला झाला किंवा पू धरला, अशी शंका घेणं रास्तच. मॅग्नेशियमचं तसं नाही. शरीरातल्या पाण्याने तो झिजतो तेव्हा हायड्रोजन सुटतो. १ ग्रॅममागे जवळजवळ १ लिटर. छोट्या स्क्रूचं वजन त्याहून बरंच कमी, आणि झीजही सावकाश, त्यामुळे शरीर तो वायू शोषून घेतं. तरी पहिल्या काही महिन्यांत थोडा साचतो आणि फिल्मवर काळा दिसतो. स्क्रू स्वतःही फिकट दिसतो, तोही झिजून गेला असं समजू नका.

खरी काळजी कधी? घोटा गरम, लाल झाला, ताप आला, जखमेतून पू आला, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं किंवा हाडाचा तुकडा जागचा हलला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाहीतर जर्मनीतल्या फिल्म मागवून आत्ताच्या फिल्मशेजारी लावून बघायला सांगा. गरज वाटली तर सीआरपी, ईएसआर या सूज-इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतील. हाड जुळायच्या आत अर्धवट झिजलेला स्क्रू उपसायला गेलं तर तो आतच तुटू शकतो.

आणखी एक. पुन्हा ऑपरेशनची वेळ आलीच, तर त्या स्क्रूला चिकटून स्टील नको. १९०६ च्या सुमारास बेल्जियमचे सर्जन लॅम्बॉट यांनी पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची प्लेट स्टीलच्या खिळ्यांनी ठोकली होती. दोन धातूंची बॅटरीच झाली, आणि आठ दिवसांत प्लेटचा भुगा होऊन कातडीखाली वायू भरला. आजचे मिश्रधातू खूप सावकाश झिजतात, पण स्टीलशी त्यांचं वैर तेच आहे.

डिस्चार्ज पेपरवर इम्प्लांटचा स्टिकर असतो. त्याचा फोटो आधी डॉक्टरांना दाखवा. मुलाला किडनीचा काही त्रास असेल तर तेही सांगा, कारण सुटलेलं जादा मॅग्नेशियम मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं.