पोराशी गोरमाटी बंद करू नका

जय सेवालाल, ताई. तुमचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, जर्मनच्या बी-टू पातळीचा क्लास सुरू आहे, नर्सिंगसाठी जर्मनीला यायचंय. आणि नातेवाईक म्हणतात, तीन वर्षांच्या पोराशी आतापासून इंग्रजीच बोला, गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा भाषा, सोडा. शिवाय तिकडच्या लोकांत मिसळता येईल का, ही धास्ती. मी दिग्रसकडच्या तांड्यावरची, आता श्टुटगार्टजवळ नर्स आहे.

इंग्रजीचं आधी सोडा. इथली बालवाडी, किटा, बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच चालते. मूल एक वर्षाचं झालं की जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण हक्क आहे म्हणून जागा लगेच मिळते असं नाही. राहायचं गाव ठरलं की नाव घाला. सुरुवातीचे काही आठवडे आईबापापैकी एकानं पोरासोबत तिथं बसायचं असतं. तुमची ड्युटी तेव्हाच सुरू होणार असेल तर ते काम नवऱ्याकडे.

जर्मन त्याला तिथली पोरंच शिकवतील, आपल्या उच्चारांची घरी शिकवणी नको. घरात गोरमाटीच. आपण काय केलं? याडीशी (आईशी) गोरमाटी, शाळेत पुस्तकातली मराठी, बाजारात वऱ्हाडी, नागपूरला हिंदी. पोरगं काही महिने किटात गप्प राहील, दोन भाषांची खिचडी करेल, ते चालतंच. मात्र घरच्या भाषेतही वयाच्या मानानं बोलत नसेल तर तिसऱ्या वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा; त्याचं खापर दोन भाषांवर फोडू नका. आणि तांड्यावरच्या आजीला मराठीच धड येत नाही, ती फोनवर नातवाशी इंग्रजी बोलणार आहे का?

आता माणसांचं. क्लासातली जर्मन आणि इथल्या म्हाताऱ्या पेशंटची श्वेबिश बोली यांत पुण्याची मराठी आणि आपली वऱ्हाडी इतकं अंतर आहे. पण अर्धं कळलं की उरलेलं चेहऱ्यावरून ओळखायचं, हे आपण लहानपणापासून करतो. एकाच भाषेत वाढलेल्या पोरींचं व्याकरण पक्कं असतं, पण वाक्य मनात जुळेपर्यंत त्या तोंड उघडत नाहीत. (माझं मत, कुणी रागावू नये.) औषधाच्या मात्रेत मात्र अंदाज नको, तिथं पुन्हा विचारायचं, लाजायचं नाही.

आमच्या वॉर्डात तेलंगणाची एक मुलगी आली. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू. सुट्टीत ती आईशी फोनवर बोलायला लागली आणि मला सगळं समजत होतं! तिच्याकडे लंबाडी म्हणतात, आपलीच भाषा. ती तेलुगू लिपीत लिहिते, मी देवनागरीत. वॉर्डात माझी पहिली मैत्रीण तीच झाली, आणि तिच्यामुळे तिच्या तुर्की शेजारणीची ओळख झाली.

एक काम आजच करा. पोराच्या जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. आपल्याकडे हाक मारायचं नाव एक, कागदावर दुसरं. ती दुरुस्ती गावात असतानाच सोपी.