मागच्या टायरवरचे चार आकडे

प्रिय बाळा,

परवा तू गंगापूर रोडला ती जुनी झेड-फोर, बीएमडब्ल्यूची दोन सीटची गाडी, बघून आलीस आणि रात्री 11 वाजता मला एकापाठोपाठ फोटो पाठवत बसलीस, तेव्हाच ओळखलं, जीव जडलाय. जडू दे. गाड्यांच्या खरेदी-विक्रीत माझी 30 वर्षं गेली, पण दोन सीटची गाडी निव्वळ हिशेब करून घेणारा माणूस मला भेटलेला नाही. फक्त बयाणा द्यायच्या आधी हे पत्र शांतपणे वाच.

मालक 78 लाख मागतोय, कारण त्याने 'ऑन रोड 1 कोटी 12 लाख मोजलेत'. हा आकडा आधी डोक्यातून काढ. त्यात शोरूमची किंमत 90 लाख. इम्पोर्टेड गाडीला आपल्याकडे 20 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 18 लाख. बाकीचा विमा आणि टीसीएस, म्हणजे गाडी विकतानाच शोरूम आपल्याकडून कापून घेतं तो आगाऊ आयकर. विमा त्याच वर्षी वापरून झाला. टीसीएस 1 टक्का, तो त्याने रिटर्न भरताना वळता करून घेतला असणार. तुझ्याकडून पुन्हा का मागायचा?

रोड टॅक्सचं मात्र थोडं वेगळं आहे. गाडी एमएच-15 पासिंगची, टॅक्स एकरकमी भरलेला, त्यातली 12 वर्षं अजून शिल्लक आहेत. त्याचे पूर्ण पैसे बाजारात कुणी देत नाही. मी 5-6 लाख धरतो. परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते ती बरेचदा याचमुळे. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणून इथला टॅक्स भरला की तो फरक उडून जातो.

आता मूळ किंमत. त्याने गाडी घेतली तेव्हा मोठ्या इंजिनाच्या अशा गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून 48 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो सरसकट 40 झाला. म्हणजे बाकी सगळं तसंच राहिलं असं धरलं, तर तीच 90 लाखांची गाडी 85 ला पडते. कंपनी मधेच भाव वाढवते, म्हणून शोरूमला फोन करून आजचा भाव विचार. मालकाने काय मोजले त्यावरून नाही, आज नवी केवढ्याला मिळते त्यावरून मोजायला सुरुवात करायची. विम्याच्या आयडीव्हीला, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला, घसाऱ्याचं एक कोष्टक असतं: पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40. ही गाडी 2 वर्षं 8 महिन्यांची. 85 तून 30 टक्के गेले की साडेएकोणसाठ. त्यात टॅक्सचे 5-6 घाल. निर्मळ गाडी असेल तर माझा आकडा 65, फार तर 67. नाशिकमध्ये या गाडीला गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं आहे, तेव्हा घाई त्याला असायला हवी, तुला नाही.

पण निर्मळ आहे का? मला खरं बोलायचंय ते यावर.

तू म्हणालीस, 'काका, फक्त 7,800 किलोमीटर!' या आकड्याने मीसुद्धा फसलोय. 2009 साली मुंबईहून एक दोन दरवाज्यांची गाडी आणली, साडेसहा हजार चाललेली. त्या मीटरसाठी 4 लाख जास्त दिले. कसारा घाटात अर्ध्यावर तापमानाचा काटा चढला आणि कूलंटचा पाइप फाटला. गाडी टेम्पोवर टाकून घोटीला आणली. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. दोन वर्षं ती बंद गॅरेजमध्ये उभी होती. रबर कडक झालेलं, टायर एका जागी चपटे झालेले, बॅटरी संपलेली. त्या दिवसापासून कमी किलोमीटर दिसले की मी आधी विचारतो, उरलेले दिवस गाडी कुठे होती?

तुझ्या फोटोंपैकी मागच्या चाकाचा फोटो मोठा करून बघ. टायरच्या कडेला DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे आहेत, टायर कधी बनला ते सांगणारे: 3125. म्हणजे 2025 चा 31 वा आठवडा. पुढच्या टायरवर 1423. पुढचे कंपनीतून आलेले, मागचे नंतर बदललेले. 7,800 किलोमीटरमध्ये मागचे टायर का बदलावे लागले? दगडाने कट पडला असेल, तर बिल असेल. नाहीतर गाडी अंगात आल्यासारखी पळवलेली आहे, किंवा मीटर खोटं बोलतंय. या मॉडेलला पुढे 255 आणि मागे 275 रुंदीचे टायर, म्हणून पुढचे-मागचे अदलाबदल करून भागवता येत नाही. चारही घ्यायचे झाले तर लाखाच्या वर जातात. शिवाय ब्रेकच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरव. एवढ्याशा वापरात तिथे ठळक काठ चढायला नको.

दुसरा कागद विम्याचा. त्यावर नो क्लेम बोनस किती, ते वाच. दोन वर्षं क्लेम नसेल तर चालू पॉलिसीत 25 टक्के दिसायला हवा. शून्य असेल तर मागच्या वर्षी काहीतरी ठोकलेलं आहे. कशाचा क्लेम, ते त्याच्या तोंडून ऐक. तो बोनस तुला मिळत नाही, मालकाबरोबर जातो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नकोस. पेठ रोडच्या आरटीओतलं ट्रान्सफरचं काम मी बघतो.

लासलगावला कांद्याचा व्यापारी ट्रॉलीवरचा वरचा थर बघून बोली करत नाही, हात खाली घालून मधला कांदा काढतो आणि फोडतो. या गाडीचा मधला कांदा म्हणजे छत. ते कापडाचं आहे. 10 सेकंदांत उघडतं आणि 50 च्या वेगापर्यंत चालू गाडीतही चालतं. उघडताना कुठे अडतंय का, शिवणीला बुरशी आहे का, सीटखालचं कार्पेट दाबल्यावर दमट लागतं का, हे तिघांनी मिळून बघू, तू, मी आणि माझा मेकॅनिक. पाणी आत गेलेलं असेल तर मी तुला 60 लाही घेऊ देणार नाही.

रविवारी सकाळी 7 ला त्याच्या घरी जाऊ. त्याला आज सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, मला इंजिन थंड हवंय. टॉर्च आणि रंगाची जाडी मोजायचं मशीन मी आणतो. तू सर्व्हिसची सगळी बिलं आधी मागवून घे.

तुझा काका