पहिल्याच ओळीला मरणारा प्रोग्रॅम

भावा, सुरू होताच बंद पडणारा तुझा सी भाषेतला कोड बघितला. लॉजिक बरोबर आहे. पण मेन फंक्शनमध्येच २००० बाय २००० आकड्यांचा इंट अ‍ॅरे मांडलायस, तिथंच घोडं पेंड खातंय.

इंट ४ बाइटचा धरला तर झाले १ कोटी ६० लाख बाइट. लोकल अ‍ॅरे (फंक्शनच्या आत मांडलेला) जातो स्टॅकवर, म्हणजे फंक्शनसाठी राखलेल्या छोट्या मेमरीत, आणि लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबीचा, विंडोजवर तर १ च. दोन गुंठ्यांत साखर कारखाना बसवायला निघालायस! म्हणून पहिला प्रिंटएफसुद्धा न छापता सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीची चूक, प्रोग्रॅम बंद) येतो आणि पोरं लूप तपासत बसतात. मीपण बसलोय, राजारामपुरीतल्या रूमवर, रात्रभर.

घाईत असशील तर अ‍ॅरेच्या आधी स्टॅटिक लिही, मग तो स्टॅकवर जात नाही, चालेल. साइज युजरकडून घ्यायचा असेल तर मात्र मॅलॉकच, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागेल तेवढी मेमरी मागून घ्यायची. नल आला का, म्हणजे मेमरी नाकारली का, ते बघ, काम झालं की फ्री करून परत दे.

मॅलॉकमध्येही एक खड्डा आहे. एन, म्हणजे ओळींची आणि रकान्यांची संख्या, ५०,००० असेल, तर एन गुणिले एन होतात २५० कोटी; इंटमध्ये मावतात २१४ कोटींच्या आसपास. म्हणून साइजऑफ (एका इंटचे बाइट) सगळ्यात आधी लिही, मग एन, मग एन. ६४ बिटच्या मशीनवर सगळा गुणाकार मोठ्या टाइपमध्ये होतो.

यूलिमिट या लिनक्सच्या कमांडनं स्टॅक वाढव, असं कुणीतरी सांगेलच. तुझ्या लॅपटॉपवर चालेल, पण लॅबमध्ये सरांसमोर परत पडेल.