घोड्याची वाट अडते कुठे?

प्रश्न : संगणकावरच्या एकट्याने खेळायच्या बुद्धिबळाच्या कोड्यात पांढरा घोडा ए१ वरून एच८ वर न्यायचा आहे (उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८). काळी मोहरी हलत नाहीत. ती मारायची नाहीत आणि त्यांच्या माऱ्यात थांबायचंही नाही. दरवेळी मध्येच अडकतो. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : शेवटाकडून सुरुवात करा. एच८ ला घोडा फक्त एफ७ किंवा जी६ वरूनच पोहोचतो. दोन्ही घरं माऱ्यात असतील तर कोडंच चुकीचं आहे.

मग कागदावर पट काढून निषिद्ध घरांवर फुल्या मारा. बहुतेकांची चूक इथेच होते. डी५ वरचं काळं प्यादं सी४ आणि ई४ वर मारा करतं, समोरच्या डी४ वर नाही. हत्ती, उंट, वजीर यांचा मारा मधल्या मोहऱ्याने अडतो. तिथे विनाकारण फुली मारलीत तर खरी वाटच बुजते.

आता ए१ मध्ये ० लिहा. तिथून जाता येणाऱ्या मोकळ्या घरांत १, त्यांच्यापुढच्या कोऱ्या घरांत २, असं भरत जा. एकदा लिहिलेला आकडा बदलायचा नाही. एच८ मधला आकडा म्हणजे कमीत कमी चाली. तिथून एकेक आकडा उतरत मागे आलात की वाट सापडते. रिकाम्या पटावर ६ चाली लागतात. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो आणि ही दोन्ही घरं काळी, म्हणून उत्तर विषम आलं तर मोजणी नक्की चुकली आहे.