आधी सुतार, मग नाटककार

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा प्रबंधाचा आराखडाही वाचला. इंग्लंडमधली सुरुवातीची नाट्यगृहं हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद झाला. एक मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुझ्या आराखड्यात पहिलं प्रकरण शेक्सपिअरच्या रंगमंचावर आहे. ते तिथून उचल आणि मागे ने. शेक्सपिअर येऊ दे निवांत, चौथ्या प्रकरणात. त्याच्या आधी सुतार येऊ देत, जमीनमालक येऊ देत, दारावर पैसे गोळा करणारी माणसं येऊ देत.

कारण साधं आहे. जेम्स बर्बेज या नटानं १५७६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या तटाबाहेर, शोरडिचला, जुन्या मठाची जागा भाडेपट्ट्यानं घेतली आणि तिथे 'द थिएटर' उभारलं, तेव्हा शेक्सपिअर आणि मार्लो दोघेही बारा वर्षांचे होते. एक स्ट्रॅटफर्डला, दुसरा कँटरबरीला. म्हणजे थोर नाटककार झाले आणि त्यांच्यासाठी कुणी नाट्यगृह बांधलं, असं घडलेलं नाही. घर आधी बांधलं गेलं. त्या घराला आठवड्यातले सहा दिवस, रोज दुपारी, नाटक लागायला लागलं. ती मागणी पुरवता पुरवता लिहिणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. तुझ्या प्रबंधाचा कणा हाच असावा असं मला मनापासून वाटतं.

बर्बेजच्याही आधी नऊ वर्षं मागे जा. १५६७ साली व्हाइटचॅपलजवळ 'रेड लायन' नावाच्या शेतवाडीत जॉन ब्रेन नावाच्या किराणा व्यापाऱ्यानं प्रेक्षकांसाठी सज्जे आणि एक रंगमंच बांधून घेतला. मंच ४० फूट लांब, ३० फूट रुंद, जमिनीपासून ५ फूट उंच. शिवाय ३० फुटी मनोरा. हे आपल्याला कुठून कळतं? कुणा कवीनं वर्णन करून ठेवलं म्हणून नव्हे. ब्रेनचं सुतारांशी कामावरून भांडण झालं आणि प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं, म्हणून. त्याच कागदात हेही आहे की तिथे सॅमसनच्या कथेवरचं नाटक व्हायचं होतं. तुझ्या विषयातली निम्मी माहिती अशी भांडणांतून हाती लागते. तेव्हा खटल्यांचे कागद कंटाळवाणे म्हणून टाळू नकोस.

हा ब्रेन बर्बेजचा मेहुणा. बर्बेज मूळचा सुतारकाम शिकलेला, मग नट झालेला. हातात कसब होतं, पैसा नव्हता. पैसा ब्रेननं घातला. त्याआधी नटमंडळी सरायांच्या चौकात, सरदारांच्या दिवाणखान्यात, गावोगावच्या सभागृहांत खेळ करत फिरायची. उघड्यावर खेळ असला की टोपी फिरवायची वेळ आली की माणसं पांगणार. आपल्याकडे जत्रेत तमाशाचा फड आधी कनात ठोकतो आणि मग ढोलकीवर थाप पडते, त्यामागे जो हिशेब आहे तोच बर्बेजचा: आधी दार, दारात पैसे, मग खेळ. फरक इतकाच की त्यानं कनातीच्या जागी लाकडी इमारत उभी केली, आणि ती २१ वर्षांच्या पट्ट्यावर.

कायद्याची बाजू थोडक्यात मांड, पण वगळू नकोस. १५७२ च्या कायद्यानं बड्या सरदाराचा आश्रय नसलेले नट भटक्यांत मोडायला लागले, म्हणजे शिक्षेला पात्र. १५७४ मध्ये लेस्टरच्या अर्लच्या मंडळीला, ज्यात बर्बेज होता, राणीची सनद मिळाली. त्याच वर्षी लंडनच्या नगरसभेनं शहरातल्या खेळांवर कडक नियम घातले. मग नाट्यगृहं कुठे गेली? महापौराचा हुकूम चालत नव्हता तिथे. उत्तरेला शोरडिच, दक्षिणेला थेम्सपलीकडचा बँकसाइड, जिथला मोठा भाग विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत होता. एक नकाशा समोर ठेव आणि त्यावर १५७७ चं 'कर्टन', १५८७ चं 'रोझ', १५९५ चं 'स्वान' अशी एकेक खूण कर. नकाशाच बोलायला लागेल.

आता पैशाकडे ये, कारण खरं रसायन तिथे आहे. नाट्यगृहाच्या मधल्या उघड्या चौकात उभं राहून बघायला १ पेनी. वर सज्जात बसायचं तर आणखी १ पेनी, आणि उशीसकट चांगली जागा हवी तर तिसरी. थॉमस प्लॅटर हा स्विस प्रवासी १५९९ मध्ये लंडनला आला होता, त्यानं हे लिहून ठेवलं आहे. कसबी कारागिराची रोजची कमाई तेव्हा साधारण १२ पेन्स होती, म्हणजे चौकात उभं राहणं त्याला परवडत होतं. प्रत्येक दारावर पैसे गोळा करायला माणूस, आणि गल्ला कुलूपबंद पेटीत. या पेटीवरून पुढे ब्रेनच्या बाजूनं काय आरोप झाला माहीत आहे? बर्बेजनं लोहाराकडून चोरकिल्ली करवून घेतली आणि दोन वर्षं त्यातले पैसे काढले. आरोप खरा की खोटा याचा निकाल आपण चारशे वर्षांनंतर लावायचा नाही. तू आरोप म्हणूनच लिही. पण त्यातून पेटी होती, तिला कुलूप होतं, गल्ल्याची वाटणी ठरलेली होती, हे सगळं कळतं. ब्रेन १५८६ मध्ये वारला आणि त्याची विधवा मार्गारेट आपल्या हिश्श्यासाठी बर्बेज कुटुंबाशी भांडत राहिली. या बाईला तुझ्या प्रबंधात जागा दे. इंग्लंडच्या पहिल्या मोठ्या नाट्यगृहात तिच्या घराचा पैसा मुरला होता आणि तिचं नाव सहसा तळटीपेतच सापडतं.

आणि १५९८ चा डिसेंबर. या प्रसंगावर सावकाश लिही. 'थिएटर'चा पट्टा १५९७ मध्ये संपला होता. जमीनमालक जाइल्स अॅलन नवा पट्टा करून देईना. म्हाताऱ्या बर्बेजनं त्याआधीच, १५९६ मध्ये, ६०० पौंड मोजून लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्समध्ये बंदिस्त जागा घेतली होती. पण शेजारच्या प्रतिष्ठित रहिवाशांनी अर्ज करून तिथे नाटकं होऊ दिली नाहीत. १५९७ च्या फेब्रुवारीत तो गेला. मागे राहिली कथबर्ट आणि रिचर्ड ही मुलं, पट्टा संपत आलेलं एक घर, आणि नाटक करायला बंदी असलेलं दुसरं घर. सगळी पुंजी अडकलेली.

मूळ पट्ट्यात एक कलम होतं: भाडेकरूनं जागेवर ठरावीक खर्च केला तर आपण बांधलेली इमारत त्यानं काढून न्यावी. त्या कलमाच्या आधारावर २८ डिसेंबर १५९८ ला दोघे भाऊ, पीटर स्ट्रीट नावाचा सुतार आणि बाकीचे गडी शोरडिचला पोचले आणि त्यांनी 'थिएटर' उतरवायला घेतलं. तुळया, खांब, सांगाडा. ओकच्या लाकडाची चौकट सांधे जुळवून उभी केलेली असते. सांधे सोडवता येतात, हे तिथे फार कामाला आलं. ते लाकूड थेम्सपलीकडे गेलं आणि १५९९ मध्ये त्यातून 'ग्लोब' उभं राहिलं. अॅलननं ८०० पौंडांची फिर्याद केली. त्यात त्यानं तुडवलेल्या गवताचे ४० शिलिंगसुद्धा लावले! असा तपशील मिळाला की तो सोडू नकोस. त्यातून माणूस दिसतो.

'ग्लोब' उभारायला भावांकडे पुरेसा पैसा नव्हता, म्हणून त्यांनी निम्मा हिस्सा स्वतःकडे ठेवला आणि उरलेला निम्मा मंडळीतल्या पाच जणांना दिला, प्रत्येकी दहावा भाग. त्या पाचांत शेक्सपिअर होता. नट आपण खेळतो त्या घराचे मालक झाले. हेच त्या मंडळीच्या दीर्घ आयुष्याचं मोठं कारण आहे असं माझं मत आहे. मंडळी टिकली म्हणून शेक्सपिअरच्या नाटकांची बाडं एकत्र राहिली, आणि १६२३ मध्ये त्याच मंडळीतल्या हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नटांनी ती छापून घेतली. आता बघ, शेक्सपिअर आला की नाही आपसूक, आणि तोही लाकडाच्या हिशेबातून.

'रोझ'कडे मात्र वेगळ्या नजरेनं बघ, कारण तिथे दोन प्रकारचे पुरावे एकत्र सापडतात. एक म्हणजे मालक फिलिप हेन्सलो याची हिशेबाची वही. त्याचा जावई, नट एडवर्ड अॅलेन यानं स्थापन केलेल्या डलिच कॉलेजात ती आजही आहे. त्या वहीतून १५९४-९५ च्या हंगामाचा अंदाज येतो: ३८ नाटकं, त्यांतली २१ नवी. एका वर्षात! मग एकेका नाटकावर तीन-तीन, चार-चार लेखक का बसत, हे वेगळं समजवावं लागत नाही. १६०३ च्या नोंदी आवर्जून बघ. एका नाटकासाठी लेखक थॉमस हेवुडला ६ पौंड मिळाले आणि त्याच नाटकातल्या नायिकेच्या काळ्या मखमली झग्याला ६ पौंड १३ शिलिंग लागले. दिवसाउजेडी, पडदे आणि देखावे नसलेल्या मंचावर कपडाच सगळा थाट सांभाळत होता. दुसरा पुरावा जमिनीतला. १९८९ मध्ये कार्यालयाची इमारत बांधताना 'रोझ'चा पाया सापडला. साधारण चौदा बाजूंचा आकार, १५९२ मध्ये मंच मागे सरकवून जागा वाढवल्याच्या खुणा, चौकाच्या जमिनीत हेझलनटची टरफलं. 'कर्टन'च्या उत्खननानं तर सगळ्यांना चकित केलं. गोल असेल असं मानलं जात होतं, निघालं आयताकृती. म्हणून 'एलिझाबेथकालीन नाट्यगृह गोल होतं' असं वाक्य तुझ्या प्रबंधात कुठेही असेल तर खोडून टाक.

इमारतीनं लेखनाला कसं वळण दिलं, हे दाखवताना उदाहरणं थेट नाटकांतून घे. 'हॅम्लेट'चा पहिला प्रवेश मध्यरात्रीचा आहे, पण तो खेळला गेला दुपारच्या उन्हात; म्हणून अंधार, थंडी, ओळख न पटणं हे सगळं पहारेकऱ्यांच्या बोलण्यात येतं. पडदा नाही, त्यामुळे शेवटी प्रेतं मंचावरून कुणीतरी उचलून न्यायला हवीत. 'हॅम्लेट'मध्ये नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास तसा हुकूम देतो. पुढे १६०९ च्या सुमारास 'ग्लोब'ची मंडळी ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त जागेत खेळायला लागली, तिथे मेणबत्त्या होत्या, त्यांच्या वाती कापायला अंकांमध्ये थांबावं लागे, त्या वेळात संगीत चाले. दरही कमीत कमी ६ पेन्स. प्रेक्षक बदलला, नाटकांचा सूरही बदलला.

एक सावधगिरी. स्त्रीभूमिकांबद्दल लिहिताना तुला बालगंधर्व आठवणार, आठवू देत. पण तुलना जपून कर. इंग्लंडमध्ये स्त्रीभूमिका प्रामुख्यानं उमेदवारी करणारी मुलं करत. आवाज फुटला, अंग भरलं की त्यांची ती वाट बहुधा संपायची. बालगंधर्व प्रौढ वयातही स्त्रीभूमिका करत राहिले आणि मंडळी त्यांच्याच नावावर चालली. दोन्हीकडे पुरुष, एवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत.

१६१३ ची 'ग्लोब'ची आग तू लिहिणारच आहेस, सगळेच लिहितात: २९ जून, तोफेची ठिणगी गवती छपरावर, एकाची पेटलेली विजार बिअरनं विझवली. लिही, पण दोन ओळींत. पुढच्याच वर्षी घर पुन्हा उभं राहिलं, या वेळी छपरावर कौलं, हे जास्त महत्त्वाचं. मंडळीकडे तेवढी ताकद जमा झाली होती. १६४२ च्या सप्टेंबरमध्ये पार्लमेंटनं खेळ बंद केले, तिथे तुझा काळ थांबव. त्यापुढचा इतिहास दुसऱ्या प्रबंधाचा.

आता कामाला लाग. पहिलं काम असं. ८ जानेवारी १६०० चा 'फॉर्च्यून' नाट्यगृहाचा करारनामा मिळव. पीटर स्ट्रीटच पुन्हा, रक्कम ४४० पौंड. बाहेरून ८० फुटी चौरस, आत ५५ फुटी, मंच ४३ फूट रुंद आणि चौकाच्या मध्यापर्यंत पुढे आलेला, सज्जांची उंची खालून वर १२, ११ आणि ९ फूट, खालच्या सज्जाला लोखंडी खिळ्यांचं कुंपण. बऱ्याच गोष्टींपुढे फक्त 'ग्लोबसारखं' एवढंच लिहिलं आहे, आणि सोबत जोडलेला नकाशा हरवला आहे. ग्राफपेपर घे, या आकड्यांवरून तळमजला हातानं काढ, संगणकावर नको. मंचावरचे खांब कुठे बसवलेस आणि कोणत्या प्रेक्षकाच्या नजरेआड काय गेलं, ते बाजूला पेन्सिलीनं लिही. मग तो कागद मला टपालानं पाठव, घडी न घालता.

तुझा,
सर

ता. क. : जाइल्स अॅलनच्या खटल्याचे कागद वाचताना तारखा दोनदा तपास. त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फॉर्च्यूनच्या करारावरही साल १५९९ असंच दिसेल.