अल्पवयीन मुलावर गुन्ह्याचा आरोप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाने मित्रासोबत रस्त्यावर उभी असलेली दुचाकी नेली. गाडी मालकाला परत मिळाली. पण ठाण्यातून बोलावणं आलं आहे. मालक म्हणतात, पैसे द्या, इथेच मिटवू. काय करावं? – एक पालक, नाशिक

उत्तर : ठाण्यात गेल्यावर आधी विचारा, कलम कोणतं लावलं आहे? पुढची वाट त्यावरच ठरते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षेचा गुन्हा किरकोळ, ३ ते ७ वर्षांचा गंभीर आणि ज्याला किमान शिक्षाच ७ वर्षं आहे तो अतिगंभीर. साधी चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), किरकोळमध्ये मोडते. घरात शिरून चोरी केली असती तर कलम ३०५ लागलं असतं आणि प्रकरण गंभीर झालं असतं.

किरकोळ आणि गंभीर प्रकरणात मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा नसतो. या कायद्याखालच्या आदर्श नियम, २०१६ मधला नियम ८ तसं स्पष्ट सांगतो. बाल कल्याण पोलीस अधिकारी ठाण्याच्या डायरीत नोंद करतो, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरतो आणि कागद बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. मुलाला ताब्यात घेण्याचीही सहसा गरज नसते. कोणत्या तारखेला मंडळापुढे आणायचं, एवढं पालकांना कळवलं की झालं. मालकाने चोरीच्याच दिवशी अज्ञाताविरुद्ध तक्रार दिली असेल, तर तो एफआयआर आधीच असतो. मित्र १८ वर्षांवरचा असला तरी एफआयआर होतो. मात्र त्याचा खटला वेगळा आणि तुमच्या मुलाची चौकशी वेगळी. दोघांना एकत्र चालवता येत नाही.

मंडळ म्हणजे नेहमीचं कोर्ट नव्हे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. मुंबईत डोंगरीला, पुण्यात येरवड्याला ते बसतं. आरोपात तथ्य नसेल किंवा गुन्हा किरकोळ असेल तर मंडळ पहिल्याच तारखेला प्रकरण निकाली काढू शकतं. नाहीतर संक्षिप्त चौकशी होते. तिला ४ महिने, फार तर आणखी २ महिने. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. दोष आढळला तरी समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा किंवा परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसर) देखरेख असे आदेश होऊ शकतात.

म्हणून ठाण्यात परस्पर तडजोड करू नका. गाडीचं नुकसान झालं असेल तर भरपाईची तयारी मंडळापुढेच सांगा, म्हणजे ती कागदावर येईल. ठाण्यात मुलाकडून माफीनामा किंवा जबाबावर सही घेतली जाते, तीही होऊ देऊ नका. मुलाला कोणत्याही जबाबावर सही करायला लावायची नाही, असं नियमच सांगतात.

प्रश्न : पोलीस मुलाला रात्रभर ठाण्यात ठेवू शकतात का? – वाचक, लातूर

उत्तर : कोठडीत किंवा तुरुंगात कधीच नाही, बेडीही नाही. ताब्यात घेतलं असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं. गुन्हा जामीनपात्र नसला तरी मुलाला जामीन मिळू शकतो. तो नाकारण्याची कारणं तीनच : सुटल्यावर सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका, न्यायाचा हेतू विफल होणं. जामिनाच्या आदेशापासून ७ दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत म्हणून मूल निरीक्षणगृहातच (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती संस्था) राहिलं, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणलं पाहिजे. वकील परवडत नसेल तर मोफत मिळतो. मंडळालाच तसं सांगा.

जाताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र न्या. वयाच्या पुराव्यात पहिला मान त्याचा. ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून लिहिण्याची जुनी सवय इथे नडते, कारण गुन्ह्याच्या दिवशीचं वय त्याच तारखेवरून मोजलं जातं.

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षांचा आहे. भांडणात त्याने चाकू मारला, समोरचा मुलगा बचावला. भाच्यावर मोठ्यांसारखा खटला चालेल? – वाचक, सोलापूर

उत्तर : खुनाच्या प्रयत्नाला, न्याय संहितेच्या कलम १०९ ला, किमान ७ वर्षांची शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात अशा गुन्ह्यांना अतिगंभीर मानता येत नाही असं सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. त्यामुळे प्रकरण गंभीर वर्गात मोडतं आणि मंडळाकडेच राहतं. जखमीचा मृत्यू होऊन खुनाचं कलम लागलं तर मात्र चित्र पालटतं.

१९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर (अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीने दोघांचा जीव घेतला होता) पुण्यात त्या मुलाला प्रौढ मानण्याचाच वाद झाला. त्यात आरोप होता त्या सदोष मनुष्यवधालाही किमान ७ वर्षांची शिक्षा नाही. पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. लोकांचा संताप समजण्याजोगा आहे, पण रस्त्यावरच्या रागावर कलमाचा वर्ग बदलू लागला तर उद्या कुठलंच मूल सुरक्षित राहणार नाही.

अतिगंभीर गुन्हा आणि वय १६ ते १८ असेल, तर मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का, हे ठरवण्यासाठी मंडळ ३ महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं : मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, गुन्ह्याची परिस्थिती. तो खटला नसतो. वकील तिथे निर्दोषत्वावरच बोलत राहतात आणि मूळ मुद्दा हातचा जातो. शाळेचे शेरे, उपचारांचे कागद, घरची परिस्थिती हे मांडा. मंडळातल्या कोणाकडेच मानसशास्त्राची पात्रता नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. अहवालाची प्रत मागून घ्या. प्रकरण बाल न्यायालयाकडे (मंडळाच्या वरचं, असे खटले चालवणारं न्यायालय) गेलंच, तरी प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही हे ते न्यायालय पुन्हा तपासतं. मंडळाच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येतं.

प्रश्न : पुढे नोकरीच्या पडताळणीत हे निघेल का? – एक आई, ठाणे

उत्तर : प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ तसं बजावतं. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दोषामुळे पुढे अपात्रता येत नाही. अपवाद फक्त १६ वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवलं त्याचा. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घरी जपून ठेवा. पडताळणीत चुकून नाव आलंच तर तीच दाखवायची.