सॅन डिएगोतील कचऱ्याचे बिल

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे स्वतःच्या घरात राहतो. तेथे कचरा नेण्याचे पैसे कधी पडत नसत; आता मात्र मालमत्ता कराच्या बिलात त्यासाठी वर्षाला 523 डॉलर लागून आले आहेत. 2022 च्या मतदानापूर्वी महिना 23 ते 29 डॉलर असा आकडा सांगितला गेला होता, त्यामुळे आपली फसवणूक झाली, असे तो म्हणतो. कचऱ्यासाठी मतदान घ्यावे का लागले, आणि त्याची तक्रार रास्त आहे का?

उत्तर : मतदान घ्यावे लागले, कारण कचऱ्याचे शुल्क न घेण्याचे बंधन पालिकेवर मतदारांनीच घातलेले होते. शहरातला कचरा उचलणारे घरोघरी पैसे घेत आणि तेच खरकटे डुकरांना खाद्य म्हणून विकत. ही दुहेरी कमाई लोकांना खटकली आणि 1919 साली त्यांनी ‘पीपल्स ऑर्डिनन्स’ संमत करून कचरा नेण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली. मतदारांनी घातलेले असे बंधन नगर परिषदेला परस्पर काढता येत नाही, म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये ‘मेझर बी’ हा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि अगदी निसटत्या बहुमताने मंजूर झाला.

आपण ‘पैसे पडत नसत’ असे लिहिले आहे, तेथे थोडे थांबावे लागेल. खर्च पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे सर्वांच्याच करातून होत होता; मोठ्या इमारतींतील भाडेकरूंना मात्र ही सेवा मिळत नसे. त्यांच्या इमारतीचा कचरा खासगी कंत्राटदार नेत आणि त्याचे पैसे भाड्यातून वसूल होत, शिवाय बंगल्यांच्या कचऱ्यालाही त्यांच्या कराचा हातभार लागे. प्रस्तावाच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यांपैकी हा मला सर्वांत बिनतोड वाटतो.

आता आकड्याकडे वळू. मतपत्रिकेवर दर नव्हताच. शुल्क आकारण्याचा अधिकार पालिकेला द्यावा की नाही, एवढेच तेथे विचारले होते. 23 ते 29 डॉलर हा पालिकेच्या स्वतंत्र अर्थसंकल्प विश्लेषकाचा अंदाज होता. पुढे सेवेस पात्र घरे गृहीत धरली होती त्यापेक्षा कमी निघाली, त्यामुळे खर्च थोड्या घरांवर वाटला गेला; नवे डबे आणि वाढीव फेऱ्या यांचाही भार त्यात पडला. जून 2025 मध्ये नगर परिषदेने तिन्ही मोठ्या डब्यांसाठी (कचरा, पुनर्वापराच्या वस्तू आणि ओला कचरा) महिना 43.60 डॉलर दर मंजूर केला. याला मी फसवणूक म्हणणार नाही, परंतु प्रचारात तो अंदाज दर ठरल्यासारखा वापरला गेला असेल, तर आपल्या मुलाचा राग मला समजतो.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 मध्ये संमत केलेल्या ‘प्रपोझिशन 218’ या तरतुदीनुसार असे शुल्क सेवेच्या खर्चापेक्षा जास्त आकारता येत नाही आणि निम्म्याहून अधिक मालकांनी लेखी हरकत घेतली, तर ते लावताच येत नाही. तेवढ्या हरकती आल्या नाहीत. मुलाच्या हाती आज एक गोष्ट आहे : त्याच्या दारातला कचऱ्याचा डबा 95 गॅलनचा, म्हणजे सुमारे 360 लिटरचा असेल आणि तो दर आठवड्याला अर्धा रिकामाच राहत असेल, तर त्याने लहान डबा मागून घ्यावा, त्याचे शुल्क कमी आहे.